रंकाळ्याचे फोटो काढून काढून अडकलोय, पुढं विषय कसा शोधायचा?

शिरोली_नाका
नमस्कार मंडळी. इथं दोन वर्षं नुसतं वाचतोय, लिहायला आज पहिल्यांदाच बसलो. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत आहे, मोल्डिंगला. मागच्या दिवाळीच्या बोनसात सेकंडहँड डीएसएलआर घेतला, सोबत १८-५५ किट लेन्स, नंतर पैसे साठवून ५० एमएम १.८ पण घेतली. फर्स्ट शिफ्ट असली की तीनला सुटतो, घरी अंघोळ, चहा आणि साडेपाचला रंकाळा तलावावर हजर. रविवारी पन्हाळा नाहीतर पंचगंगा घाट, पावसाळ्यात मसाई पठारावर पण दोनदा जाऊन आलो. शटर स्पीड, अपर्चर, आयएसओ आता हातात बसलंय, मॅन्युअलवर काढतो, रॉमध्ये काढतो, घरी येऊन एडिट करतो.

अडचण अशी आहे की चार हजारांच्या वर फोटो झालेत आणि त्यातला एक पण मला माझा वाटत नाही. संध्यामठ पाण्यात, मागं सूर्य, वर एखादा पक्षी. चौपाटीवर लाइट लागल्यावरचं निळं आभाळ. शालिनी पॅलेसचा टॉवर आणि त्याचं पाण्यातलं रिफ्लेक्शन. फोटो वाईट नाहीत, शार्प आहेत, एक्सपोजर बरोबर आहे. पण परवा बायको लॅपटॉपवर बघत बसली होती आणि तिनं अगदी मनापासून विचारलं, "ह्यातले तू काढलेले कुठले आणि ग्रुपवर आलेले कुठले?" तिला खरंच कळत नव्हतं. मला पण सांगताना दोन ठिकाणी अडकायला झालं. त्या दिवसापासून कॅमेरा बॅगेतच आहे.

तर विचारायचं एवढंच की तुम्ही लोक विषय कसा ठरवता? नेटवर थीमच्या याद्या मिळतात, 'सावली', 'लाल रंग', 'खिडक्या' असल्या, त्या करून बघितल्या, चार दिवसांत कंटाळा आला. पॅनिंग (हलणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवणं), लाँग एक्सपोजर (शटर जास्त वेळ उघडं ठेवणं), सिल्हूट हे पण करून झालं, जमतं, पण कशासाठी करायचं तेच कळत नाही. नवीन लेन्स घेऊन काही फरक पडेल का? बजेट नाही फारसं, पण गरज असेल तर थांबून घेईन.

एफ_आठ
लेन्स घेऊ नकोस. हे आधीच सांगतो कारण मी त्याच वाटेनं जाऊन तीन लेन्स घेतल्यात आणि आज वापरतो एकच.

किट लेन्स कपाटात ठेव आणि दोन महिने फक्त ५० वर काढ. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, क्रॉप बॉडी म्हणतात ती, त्यावर ती साधारण ७५-८० एमएम सारखी पडते, म्हणजे मागं सरकायला जागा लागते आणि अख्खा रंकाळा त्यात मावत नाही, हाच त्याचा फायदा. झूम हातात असली की आपण एका जागी उभं राहून रिंग फिरवतो. ती नसली की पाय हलवावे लागतात, माणसाच्या जवळ जावं लागतं, बोलावं लागतं. विषयाचं मला फार सांगता येणार नाही, ते जुना_रोल काका येऊन सांगतील, त्यांची वाट बघ.

जुना_रोल
आलो. जरा लांब लिहितोय, सवडीनं वाच.

तुझ्या बायकोनं जे विचारलं ते मला १९८९ मध्ये माझ्या वडलांनी विचारलं होतं, दुसऱ्या शब्दांत. तेव्हा महिन्याला छत्तीस फ्रेमचा एकच रोल परवडायचा, मोरीत काळं कापड लावून डार्करूम केली होती, रात्री आठनंतर मोरी माझी. त्यातल्या पंचवीस फ्रेम रंकाळ्यावर जायच्या. त्यामुळं तू काही वेगळं करालायस असं समजू नकोस, कोल्हापुरात ज्याच्या हातात कॅमेरा आला तो पहिल्यांदा रंकाळ्यावरच जातो.

आणि रंकाळ्याचा काही दोष नाही हं. आबालाल रहमान मुंबईला जे. जे. मध्ये शिकले, नाव काढलं, आणि परत येऊन १९३१ मध्ये जाईपर्यंत इथंच राहिले. रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ, हेच परत परत रंगवलं. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये जा आणि त्यांच्या चित्रांसमोर जरा वेळ उभा राहा. घाईनं बघू नकोस. पाण्याचा काठ तोच असतो पण प्रत्येक वेळी त्यांचं लक्ष दुसऱ्याच कशावर तरी आहे. एकदा ओलाव्यावर, एकदा उन्हावर. जागा म्हणजे त्यांच्यासाठी नुसतं बसायचं ठिकाण होतं.

आता माझं म्हणणं सांगतो, हे मला कुणी शिकवलेलं नाही, बऱ्याच रोलांच्या नुकसानीतनं आलंय. विषय म्हणून नाम घेऊ नकोस, क्रियापद घे. रंकाळा हे नाम झालं. खिडकी, सावली, लाल रंग, ही पण नामंच. नामाचा चांगला फोटो एकदा निघाला की पुढं काय, दुसरी खिडकी, तिसरी खिडकी. म्हणून तुला चार दिवसांत कंटाळा आला. क्रियापद घेतलंस तर ते जागेला बांधलेलं नसतं. 'उचलणं' घे बघू. मार्केट यार्डात गुळाचे रवे (ढेपा) उचलणारा हमाल, स्टँडवर झोपलेलं पोरगं खांद्यावर उचलणारी बाई, तालमीत जोडीदाराला कंबरेतनं उचलणारा पैलवान, तुमच्या फौंड्रीत वितळलेल्या धातूचं लॅडल. ह्या चार फोटोंत जागा वेगळी, उजेड वेगळा, माणसं वेगळी, आणि तरी ते एकमेकांशेजारी लावले की बोलायला लागतात.

तू म्हणालास ना की पॅनिंग आणि लाँग एक्सपोजर कशासाठी करायचं ते कळत नाही, त्याचं उत्तर पण ह्यातच आहे. तंत्र क्रियापदातनं येतं. माझं क्रियापद होतं 'वाट बघणं', दोन वर्षं केलं. एसटी स्टँड, रेशनचं दुकान, शाळेचं गेट, आणि किरणोत्सवाच्या दिवसांत महाद्वारात उभी असलेली माणसं. तुला माहीतच असेल, जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरात मावळतीची किरणं महाद्वारातनं थेट अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत जातात, पहिल्या दिवशी पायावर, मग वर वर. आत कॅमेरा न्यायचा प्रश्नच नव्हता आणि मला ते नकोच होतं. मला पाहिजे होती मान वळवून सूर्याकडं बघणारी तोंडं, ढग आडवा येतोय का ह्या काळजीतली. तर वाट बघणारा माणूस एका जागी स्थिर असतो आणि बाकीचं जग त्याच्या आजूबाजूनं हलत असतं. हे एकदा लक्षात आल्यावर शटर आपोआप १/४ सेकंदावर गेलं. कॅमेरा कशावर तरी टेकवायचा, श्वास धरायचा, बसलेला माणूस स्वच्छ येतो आणि येणारे जाणारे धूर झाल्यासारखे. भर उन्हात हे जमत नाही, आयएसओ १०० आणि एफ १६ ला उन्हात १/१०० च्या आसपास येतं, मग १/४ ला सगळं पांढरं होणार. म्हणून मी संध्याकाळी नाहीतर छताखाली काढायचो. कुठं उभं राहायचं, किती वाजता जायचं, हे सगळं त्या एका शब्दानं ठरवलं.

ते निगेटिव्ह आता नाहीत. २०१९ च्या पुरात खालच्या खोलीत ट्रंक होती, पाणी उतरेपर्यंत आठवडा गेला. आम्ही घाई करून प्रिंट उन्हात वाळत टाकल्या आणि त्या एकमेकींना चिकटून गेल्या त्या गेल्याच. कुणावर अशी वेळ आलीच तर सांगून ठेवतो, भिजलेल्या प्रिंट आणि निगेटिव्ह चिकटलेल्या अवस्थेत वाळू द्यायच्या नाहीत, स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सुट्या करायच्या आणि मग सावलीत एकेक वाळवायची. मला हे नंतर कळलं.

काकवी
काकांचं बरोबर हाय. मी कॅमेरा कधी हातात धरला न्हाई, माझ्याकडं नुसता मोबाईल, पण आमचं गुऱ्हाळ हाय करवीर तालुक्यात आणि चार सीझन झालं मी फकस्त काहिलीचं, म्हंजे गूळ उकळायच्या मोठ्या कढईचं, फोटो काढतोय त्यामुळं बोलतो.

माझं क्रियापद म्हणा तर 'उकळणं'. पहिल्या वर्षी सगळं फोटो पांढरंफक्क यायचं, वाफ म्हणजे नुसता ढग, आत गुळव्या (गूळ करणारा) हाय का न्हाई ते बी कळायचं न्हाई. मला वाटायचं मोबाईल हलका हाय म्हणून असंल. मग एक दिवस चुलवाणाच्या पलीकडच्या बाजूला चिपाडं टाकाय गेलो आणि तिथनं बघितलं तर काय, छपराच्या फटीतनं तिरकं ऊन येत हुतं आणि वाफेचा एकेक पदर सुटा दिसत हुता, पोरीच्या वेणीसारखा. तवा डोक्यात शिरलं, ऊन आपल्या पाठीमागं असलं की वाफ मरती, ऊन वाफेच्या मागनं पायजे आणि त्या वाफेच्या मागं दिसणारी भिंत काळी पायजे. आमच्या छपराखाली धुरानं सगळं काळंच हाय, त्यामुळं आयतं झालं. मोबाईलवर काहिलीच्या काठावर बोट दाबून धरायचं, लॉक झालं की सूर्याचं चिन्ह खाली वढायचं, फोटो जरा काळाच ठेवायचा. वाफ उजळ ऱ्हाती आणि गुळव्याचं तोंड निम्मं दिसतंय. तेवढं बास.

भेंडीचं पाणी घातल्यावर मळी वर येती तवाचा आणि गुळव्या पाण्यात गूळ टाकून गोळी हुतीय का बघतो तवाचा, ह्या दोन टायमाला मी सोडून कुणालाच काही सुचत नसतंय, सगळी एकाच ठिकाणी बघत्यात. त्या टायमाला फोटो काढायचा, कुणी तुमच्याकडं बघत न्हाई.

आणि सगळ्यात आधी लेन्स पुसायची. गुळाच्या वाफंनं काचेवर चिकट थर बसतोय, तासाभरात फोटो दुधाळ व्हाय लागतंय आणि माणूस सेटिंगला शिव्या देतंय. मी सदऱ्याचं एक टोक त्याच्यासाठी राखून ठेवलंय, त्याला कुठंच हात पुसत न्हाई. यायचं तर या कुणी बी, थंडी हाय तवर, सकाळी साडेसहाला.

एफ_आठ
काकवी, हे वाचून मला माझे चार वर्षांचे फोटो परत बघावेसे वाटायला लागलेत. एक सांगतो पण, मोबाईलच्या काचेला सदरा चालतो, कॅमेऱ्याच्या लेन्सला नको, आणि शिरोली_नाका, तुला तर अजिबात नको. तुझ्या कपड्यांत फौंड्रीची वाळू असणार, ती सिलिका आहे, काचेवर घासली की कोटिंगवर बारीक रेघा. आधी ब्लोअरनं हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि शेवटी मायक्रोफायबर. गुऱ्हाळात नेलास तर थंडीतनं आणलेला कॅमेरा लगेच वाफेत काढू नकोस, बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू दे, नाहीतर काचेवर दव धरतं.

घाटावरचा
माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका काका.

क्रियापद ठरवून बाहेर पडलं की माणूस तेवढंच शोधत फिरतो. मी एका वर्षी 'पळणं' घेतलं होतं. दिवाळीत म्हशी पळवतात तेव्हा गेलो, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, पुढं मोटरसायकल आणि मागं म्हैस, पॅनिंगला ह्याच्याएवढा भारी विषय नाही. १/३० ला धरून म्हशीच्या डोळ्याबरोबर कॅमेरा फिरवत राहिलो, शटर पडल्यावर पण फिरवत राहायचं, हे महत्त्वाचं, नाहीतर शेवटी झटका बसतो. फोटो आले, मस्त आले. पण घरी आल्यावर लक्षात आलं की पळून आल्यावर मालक म्हशीच्या कपाळाला कपाळ लावून उभा होता आणि तो फोटो मी काढलाच नव्हता, कारण ते पळणं नव्हतं. आजपण ते डोळ्यासमोरनं जात नाही.

म्हणून माझा सल्ला, आधी ठरवू नकोस. तुझ्याकडं चार हजार फोटो आहेत ना, त्यात शोध. चांगले नकोत, तू फेकून दिलेले बघ. जे फोटो तू नकळत काढलेस त्यात तुझं लक्ष नक्की कुठं जातं ते कळतं. शंभरेक छोट्या प्रिंट काढ आणि फरशीवर मांड, स्क्रीनवर हे दिसत नाही.

जुना_रोल
राग कसला, हे मी सांगायला पाहिजे होतं. क्रियापद बाहेरनं आणून चिकटवायचं नसतं, ते आपल्यात आधीच असतं. आणि कपाळाला कपाळ लावलेला तो माणूस, पुढच्या दिवाळीत परत जा आणि पळणं संपल्यावर काढायला सुरुवात कर.

शिरोली_नाका
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री रिजेक्टचा फोल्डर उघडला, डिलीट करायचा म्हणून ठेवला होता. दोन वाजेपर्यंत बसलो.

एक फोटो सापडला. रंकाळ्यावर भेळेच्या गाडीवरच्या मावशी गाडीच्या काचेवर कापड फिरवतायत, मागं सूर्य, आणि काचेवर ओल्या फडक्याचा अर्धगोल उमटलाय, त्यातनं उजेड आरपार येतोय आणि बाकी काच धुळीनं पिवळी. मी तो रिजेक्ट केला होता कारण मावशींचा हात हललाय. मग शोधत गेलो तर पन्हाळ्यावर धुक्यात चष्मा पुसणारे एक आजोबा, घाटावर पोराचं डोकं पदरानं खसखसून पुसणारी आई. तिन्ही रिजेक्ट. काकवीदादांनी लेन्स पुसायचं लिहिलं होतं ते डोक्यात होतं म्हणून दिसलं की काय माहीत नाही, पण आता हे दिसायचं थांबत नाही. माझं क्रियापद 'पुसणं'.

काका, शटर किती ठेवू? हात हलला पाहिजे पण चेहरा हलायला नको.

जुना_रोल
१/१५ नं सुरू कर. हात वेगानं फिरत असेल तर १/३० सुद्धा पुरे. ५० एमएम हातात धरून १/१५ ला तुझाच हात हलणार, तेव्हा खांदा भिंतीला टेकव, कोपर पोटाशी घे, आणि एकावर थांबू नकोस, पाच-सहा सलग काढ, मधला एखादा निघतो. माणूस पुसताना क्षणभर थांबतो, फडकं उलटं करतो, तेव्हा चेहरा स्थिर असतो. तो क्षण.

निळाई
दादा, 'पुसणं' फारच आवडलं मला. मी गेली तीन वर्षं 'वाळणं' करतेय म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना.

सुरुवात कुंभार गल्लीतनं झाली, श्रावणात गणपती रंगवायच्या आधी ओळीनं वाळत ठेवलेले असतात, रंग नाही, डोळे नाहीत, आणि मधनं कुंभार मावशी एकेका मूर्तीच्या पोटाला हात लावून बघतात ओल राहिलीय का. मग घाटावरची धुणी, गच्चीतल्या सांडग्या-मिरच्या, चप्पल करणाऱ्यांच्या दारात वाळत घातलेलं कातडं. आणि वर्षभरानं मला वाटायला लागलं की हे फोटो पण वाळले पाहिजेत, स्क्रीनवर नकोत. म्हणून सायनोटाइप शिकले. ही १८४२ ची पद्धत आहे, जॉन हर्शेल नावाच्या शास्त्रज्ञानं काढलेली, कॅमेऱ्याच्या फिल्मपेक्षा कितीतरी जुनी. अमोनियम फेरिक सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड अशी दोन द्रावणं, वेगवेगळी करून ठेवायची, लागतील तेव्हा सारखी मिसळायची आणि साध्या पिवळ्या बल्बच्या उजेडात ब्रशनं जाड कागदावर लावायची. कागद अंधारात वाळवायचा. मग आपला फोटो उलटा करून, म्हणजे काळ्याचं पांढरं करून, पारदर्शक शीटवर प्रिंट काढायचा, तो कागदावर ठेवायचा, वर काच, आणि गच्चीत उन्हात. एप्रिलच्या उन्हात माझं पाच-सहा मिनिटांत होतं, थंडीत दुप्पट लागतात. मग नुसत्या पाण्यात धुवायचं, पिवळं पाणी जाईपर्यंत, आणि खालनं निळा वर यायला लागतो. दोरीला चिमट्यानं अडकवायचा. पहिल्या दिवशी निळा फिका वाटतो, वाळता वाळता दुसऱ्या दिवसापर्यंत गडद होत जातो. स्वयंपाकाची भांडी मात्र ह्याला वापरायची नाहीत, वेगळी ठेवायची, आणि हातात ग्लोव्ज.

तर मला म्हणायचंय की वाळण्याचे फोटो वाळत घातले तेव्हा ते मला पुरे झाल्यासारखे वाटले. तुम्हाला पण पुसण्याचं असं काहीतरी सापडेल, घाई नाही.

दुसरं एक, हे जास्त महत्त्वाचं. पुसताना माणूस मोकळा असतो, सावध नसतो. घाम पुसणं, डोळे पुसणं, लेकराचं नाक पुसणं, हे लोक आपल्यासाठी करत नसतात. मी पहिल्या वर्षी लांबून काढायचे, आता विचारते. तालमीत गेले तेव्हा वस्तादांना विचारलं, ते म्हणाले, "पोरी, उंबऱ्यात बस, आत येऊ नको, फ्लॅश मारू नको." तर उंबऱ्यातनंच काढले आणि दाराच्या चौकटीमुळं फोटो उलट चांगले आले. विचारल्यावर एक-दोन मिनिटं लोक ताठ होतात, मग विसरतात. आणि पुढच्या वेळी जाताना छोटी प्रिंट घेऊन जायची. चहाच्या पैशात निघते. ती दिल्यावर माणूस तुम्हाला परत यायला सांगतो.

शिरोली_नाका
तीन आठवडे झाले, मध्ये लिहिलं नाही कारण काढत होतो. सांगतो.

कंपनीत कॅमेरा आत चालत नाही. साहेबांना विचारलं, काय करणार ते खरं खरं सांगितलं, त्यांनी शेडच्या बाहेर नळापर्यंत परवानगी दिली, सुट्टी झाल्यावर, मशीन आणि माल दिसायला नको. मला तेवढंच पाहिजे होतं. फेटलिंगला एक अण्णा आहेत, पंचवीस वर्षं तिथंच. कास्टिंगची टोकं, वाळू साफ करायचं काम, कोपरापर्यंत हात काळे. ते तोंड हातानं पुसतच नाहीत. दंडाची आतली बाजू, काखेच्या जवळची, तेवढीच स्वच्छ राहते, त्या दंडानं कपाळ पुसतात, मान खाली घालून, डोळे मिटून. रोज बघत होतो आणि कधी दिसलं नव्हतं. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "काढ की, पण घरी दाखवू नकोस." मग जरा थांबून म्हणाले, "आण एक." तीन वाजता शेडच्या उघड्या शटरमधनं ऊन येतं, त्याच्या कडेला उभं केलं. १/१५, एफ ८, साठेक काढले, त्यातले दोन आहेत. एकात दंड हललाय आणि मिटलेले डोळे स्वच्छ आलेत.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो, संध्याकाळी. धार काढायच्या आधी कास धुऊन पुसतात, ते किती मऊ हातानं पुसतात. बल्बचा उजेड फार पिवळा येत होता, व्हाइट बॅलन्स खाली आणून बघितला तर सगळं आजारी दिसायला लागलं, मग पिवळाच ठेवला.

तालमीत गेलो तर तिथं उलटंच निघालं. जोर मारून घाम आला की पैलवान तो पुसत नाहीत, वरनं तांबडी माती लावतात, एकमेकांच्या पाठीला चोळतात. मला वाटलं माझा विषय इथं संपला. मग वाटलं, हे पण त्यातच येतं. निळाईताईंसारखा उंबऱ्यातच बसलो.

आणि एका घरात, नदीच्या अंगाला आहे, तिथल्या वहिनींनी २०१९ च्या पाण्याची रेषा भिंतीवर ठेवलीय. नंतर रंग दिला, २०२१ ला परत पाणी आलं, परत रंग दिला, पण दारामागची वीतभर पट्टी दोन्ही वेळा सोडली. त्यांना विचारलं पुसली का नाही, तर म्हणाल्या, "सामान किती उंचावर न्यायचं ते कळाय नको?" सरळ त्या रेषेचाच फोटो काढला, वहिनींचा हात शेजारी. एकही पुसणं त्यात नाही पण ह्या सगळ्यांत तो मला शेवटी लावावासा वाटतो.

आता एक अडचण. घरी आजी रोज सकाळी आजोबांच्या फोटोची काच पदरानं पुसते, हार घालायच्या आधी. ते काढायला गेलो तर समोरच्या खिडकीचं रिफ्लेक्शन काचेत येतंय, आजोबांच्या तोंडावर पांढरा चौकोन. खिडकी लावली तर अंधार. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, घेऊ का?

एफ_आठ
पोलरायझर चालेल पण समोरासमोर उभा राहून काही होणार नाही, काचेला तिरका उभा राहिलास तरच तो काम करतो, साधारण काचेच्या पातळीपासून पस्तीस अंशाच्या आसपास सगळ्यात जास्त. शिवाय तो लावला की दीड-दोन स्टॉप उजेड जातो, म्हणजे तिसरा-चौथा हिस्साच उरतो, तुझ्या घरात आधीच कमी आहे. त्यापेक्षा पैसे न घालता कर. कॅमेरा एक पाऊल बाजूला घे म्हणजे खिडकीऐवजी बाजूची भिंत काचेत पडेल, आणि तरी राहिलं तर खिडकी आणि काच यांच्या मध्ये कुणाला तरी काळी शाल धरून उभं कर, फक्त काचेत दिसणारा तुकडा झाकायचा, बाकी उजेड खोलीत येऊ दे.

जुना_रोल
बायकोला शाल धरायला सांग. आणि सगळं रिफ्लेक्शन घालवू नकोस. पांढरा चौकोन गेला पाहिजे, पण आजी पुसताना काचेजवळ येते तेव्हा तिचा चेहरा किंवा हात त्यात दिसत असेल तर तेवढा राहू दे, त्यासाठी शाल जरा वर धरावी लागेल. आजीला एकदाच नीट पुसू दे, परत परत पुसायला लावू नकोस. नाही जमलं तर उद्या सकाळी परत आहेच.

शिरोली_नाका
काका, आजीचा हातच दिसतोय त्यात. बांगड्यांपर्यंत. उद्या सकाळी बघतो.

काकवी
आदण, म्हंजे रसाचा एक घाणा, उतरलं की आमच्याकडं काहिल धुऊन पुसून घेत्यात, गरम असतानाच, पोती घिऊन दोघंजण. वाफ, काळी कढई आणि मधनं ऊन. सकाळी नऊच्या आसपास पहिलं आदण उतरतंय. रविवारी ये, अण्णांना बी घिऊन ये. सीझन आता थोडाच ऱ्हायलाय.